एक उद्धट माणूस पाहिजे

कोलंबोत समुद्राच्या कडेला ज्या इमारती आहेत, तिथे आधी खिडक्यांचे स्क्रू गंजतात, मग कीबोर्ड, आणि मग माणसं.

·

किंबुला बनिस हा पाव मगरीच्या आकाराचा असतो. पाठीवर साखर. डोळे नाहीत.

·

नाही झालं.

·

मेलबर्नला सध्या वसंत आहे. सेव्वंदीची अक्का तिला रोज फोनवर सांगते, आणि पुरावा म्हणून फोन खिडकीबाहेर धरते.

·

ऑफिसातल्या चतुरंगाच्या बहिणीच्या लग्नात मयूरननं नवरदेवाला विचारलं होतं, "कोट उसना का?" कोट उसनाच होता.

·

"मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. काय करताय ते नको, मनात काय येतंय ते. मागे बसलेली व्यक्ती उत्तर देणार नाही. राग मानू नका."

·

पाऊस ऑक्टोबरचा होता, म्हणजे दुपारच्या चहाला आमंत्रण असल्यासारखा येणारा आणि कप रिकामा होईतो निघून जाणारा. ऑफिसच्या मागच्या गल्लीत पावाची रिक्षा आपली तीच ती किणकिणती धून वाजवत उभी होती. तिचं मागचं काचेचं झाकण वर उचललेलं, आणि त्या झाकणाखाली दोन माणसं डोकी घालून थांबलेली. डोकी कोरडी, पाठी चिंब.

त्यातलं एक डोकं मयूरनचं. दुसऱ्या डोक्याला ओल्या केसांचा आणि लिंबाच्या साबणाचा वास होता.

आत ट्रेमध्ये एकच मगर उरली होती.

"ती माझी," दुसरं डोकं म्हणालं.

"नाव लिहिलंय का तिच्यावर?"

"मी आधी बघितली."

"मी आधी आलो."

"येऊन काय उपयोग? तुम्ही माशाच्या पावाकडे बघत होतात."

हे खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसापुढे मयूरनचं काही चालत नसे. त्यानं मगर उचलली, मधोमध मोडली. "डोकं की शेपूट?"

"डोकं. शेपटीला साखर पोचत नाही."

तेही खरं होतं. त्यानं मुकाट्यानं डोकं दिलं. पावाचे अंकल पैसे घेता घेता हसले.

"पाचवा मजला," ती खाता खाता म्हणाली. "सेव्वंदी. तुम्ही?"

"चौथा. मयूरन."

"अने! काळपडदे!"

"बटणवाले," मयूरननं परतफेड केली.

ही कंपनी काय करायची, तर जगभर जी माणसं वेबसाइट आणि वेबअॅप बांधतात, त्यांच्यासाठी हत्यारं बनवायची. सुतारासाठी कुणीतरी करवत बनवतंच ना, तसं. पाचव्या मजल्यावरची मंडळी एडिटरच्या आत बसणारी मदत बनवत. प्रोग्रामर ज्या खिडकीत दिवसभर लिहीत बसतो, तिथेच चूक झाली की लाल रेघ, अडला की पिवळा दिवा, आणि दिव्यावर क्लिक केलं की सल्ले. चौथा मजला काळ्या पडद्याचा. हुकूम टाइप करायचा, एंटर मारायचं. काम होतं, किंवा होत नाही. बटणं नाहीत, रंग नाहीत, लाड नाहीत. दोन्ही मजले एकच काम दोन रीतींनी करत आणि लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभे राहत.

"तुमच्या मजल्यावरच्या कुणालातरी मला एकदा भेटायचंच होतं," सेव्वंदी म्हणाली. "ते 'नाही झालं' कुणी लिहिलंय हो? काहीही बिघडू दे, पडद्यावर दोनच शब्द. नाही झालं. काय नाही झालं? कुठे? का? माझे वडील बरे, ते निदान सुस्कारा तरी टाकतात."

"मी लिहिलंय."

तिनं चावणं थांबवलं. साखरेचा एक कण तिच्या ओठावर राहिला होता. मयूरननं तो पाहिला, आणि आपण पाहिला हे त्याला आवडलं नाही.

"आणि तो पिवळा दिवा?" तो घाईघाईनं म्हणाला. "एक शब्द लिहिला की पेटतो, थांबलं की पेटतो, शिंकलं की पेटतो. शेजारच्या काकूंसारखा! 'असं करून बघ बाळा, तसं करून बघ.' मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला."

"मी केलाय तो."

पाऊस थांबला. रिक्षावाल्या अंकलनी झाकण खाली घेतलं आणि दोन्ही डोक्यांना एकमेकांकडे बघण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

"बंद कसा केलात?" सेव्वंदीनं विचारलं. आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं. "ते बटण मी मुद्दाम लपवलं होतं."

"एका मेनूच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. एखादी गोष्ट बंद करायची असली की मी कितीही खोल उतरतो."

ती हसली, ओढणीनं केस पुसले, आणि गेली. मयूरन शेपूट हातात धरून उभा राहिला. शेपटीला साखर खरोखरच नव्हती.

·

पुढच्या आठवड्यात चौथ्या मजल्याचं दार उघडलं आणि सेव्वंदी आत आली. पाचव्यावरचं माणूस चौथ्यावर येणं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांच्या मानांवरून कळलं. सगळ्या माना वर झाल्या.

"मला एक उद्धट माणूस पाहिजे," ती म्हणाली.

सगळ्या माना खाली गेल्या, आणि सगळी बोटं मयूरनकडे वळली. कुणाला विचार करावा लागला नाही.

"वाटलंच," सेव्वंदी म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

गोष्ट अशी होती. दिलरुक्षी मिस, म्हणजे दोन्ही मजल्यांच्या मुख्य, ज्यांच्यापुढे आवाज न करता चहा ढवळायचा अशा बाई. त्यांनी जाहीर केलं होतं की जानेवारीपासून दोन्ही हत्यारं पोसणं जमणार नाही. एकच राहील. कुठलं, ते वापरणारे ठरवतील. म्हणून सेव्वंदीनं वापरणाऱ्यांना बसवून बघायचं ठरवलं. काम द्यायचं, मागे बसायचं, आणि त्यांनी मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. मागच्यानं हूं की चूं करायचं नाही. बोलणारा गप्प झाला, तर एकच वाक्य विचारायची परवानगी — "आत्ता मनात काय चाललंय?"

"मग अडचण काय?"

"सहा जण बसवले. सहाही जण एकच बोलले. होंदई."

"छान?"

"छान! दिवा कसा वाटला? होंदई. दिवा भलत्याच जागी पेटला, काय वाटलं? होंदई, होंदई. एक जण तर असा अडकला की एसीत घाम फुटला त्याला. तरी म्हणतो, होंदई, माझंच चुकत असेल. आणि एका बाईंनी जाताना माझ्या आईसाठी फणसाची भाजी दिली." तिनं कपाळाला हात लावला. "या देशात तोंडावर वाईट कुणी बोलतच नाही, मयूरन. मी पाठीमागे बसते, तरी बोलत नाहीत!"

"आणि मी बोलतो."

"तुमच्याबद्दल तसं ऐकलंय. कोटाचं ऐकलंय."

"एक मिनिट. मी तुमच्या हत्याराला शिव्या घातल्या, तर माझंच वाचेल. तुम्हाला काय मिळणार?"

"काय बिघडलंय ते कळेल," ती साधेपणानं म्हणाली. "अजून वेळ आहे. दुरुस्त करता येईल."

मयूरननं आजवर बऱ्याच जणांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगितल्या होत्या. त्या मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

·

पहिली बैठक पाचव्या मजल्यावरच्या काचेच्या छोट्या खोलीत झाली. खाली रूळ, पलीकडे समुद्र, खिडकीत एक कावळा. मयूरन पडद्यासमोर, सेव्वंदी त्याच्या उजव्या खांद्यामागे. ती दिसत नव्हती. फक्त पेनाचा आवाज.

"सुरू करतो. रंग… बरे आहेत. म्हणजे बरे नाहीत, पण माझ्या खोलीमालकानं लावलेल्या रंगापेक्षा बरे. एक ओळ लिहितो. दिवा पेटला. अय्यो, वाक्य तरी पुरं करू दे की! पुन्हा पेटला. क्लिक करतो. सल्ल्यांची रांग. पहिला सल्ला, 'ही ओळ काढून टाका.' आत्ताच लिहिली ती! आता हा दिवा नेमका मी जे वाचतोय त्याच्यावरच येऊन बसलाय. बसमध्ये मांडीवर पिशवी ठेवणाऱ्या माणसासारखा…"

मागे काहीतरी फुस्स झालं.

"मागचं माणूस हसू दाबतंय."

शांतता.

"नियमात बसतं का ते?"

अधिकच शांतता. मयूरन पुढे टाइप करत राहिला, अडला, पडद्याकडे बघत राहिला. बाहेरून खारट वारा आला. तो गप्प झाला.

"आत्ता मनात काय चाललंय?"

वाक्य छापील होतं. तेच तिनं सहा जणांना विचारलं होतं. पण ते कानाच्या इतकं जवळून आलं, इतकं हळू, की मयूरनच्या बोटांनी कीबोर्ड सोडला. आणि नियम म्हणजे नियम.

"लिंबाचा साबण," तो म्हणाला.

पेन थांबलं.

"म्हणजे, वास. मी कुठे काय मुद्दाम… मनात आलं ते सांगितलं."

पेन पुन्हा चालू झालं. पण एवढंसंच लिहून थांबलं.

बैठक संपली तशी सेव्वंदी उठून समोर आली, आणि मयूरनला धक्काच बसला. तिच्या दिव्याचा इतका उद्धार त्यानं केला होता, आणि तिचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता.

"पानंच्या पानं भरली!" ती म्हणाली. "बसमधली पिशवी! कुणीच सांगितलं नव्हतं मला. तो वाचत्या ओळीवर येतो, हे खरंच लक्षात आलं नव्हतं." तिनं त्याला आल्याचा चहा दिला, स्वतःच्या कपातला. दुसरा कप नव्हता. "तू असाच बोल हं. अगदी असाच."

'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

"साबण लिहून घेतलास का?"

"नाही. दिव्याशी संबंध नव्हता त्याचा."

"दिवा पेटला तेव्हाच आला वास."

"मयूरन, चहा पी."

·

दुसऱ्या बैठकीला त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. चौथ्या मजल्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

·

दुसऱ्या बैठकीत एक गंमत झाली. तो बोलत होता, शिव्या देत होता, मध्येच सवयीनं कोपऱ्यात काळी खिडकी उघडून आपला हुकूम सोडत होता. सेव्वंदीनं तशी मुभा दिली होती. पडद्यावर त्याचेच शब्द उमटत, नाही झालं, आणि त्या क्षणी मागचं पेन जोरात पळू लागे. दर वेळी तिथेच. आपण तिथे असं काय करतोय, हे काही केल्या मयूरनला कळेना. पण दुपारभर तो पडद्यापेक्षा पेनाकडेच जास्त लक्ष देत राहिला. पेन थबकलं की त्याचा जीव टांगणीला, पळालं की थाऱ्यावर.

·

मेलबर्नचं त्याला चतुरंगानं सांगितलं. हा पाचव्यावरचा, सेव्वंदीच्या शेजारच्या टेबलाचा. रोल्स खात सांगितलं, तोंड भरलेलं असताना, जणू क्रिकेटचा स्कोअर सांगावा.

"ती जाणार रे. आमचं बंद झालं की जाणार. अक्का आहे तिकडे, अक्काच्या कंपनीत जागा ठेवलीय. तिच्या कॉलेजची अख्खी बॅच तिकडेच आहे, दोस्ता. त्यांचं संमेलन आता मेलबर्नलाच भरतं. इथे उरलेत ती आणि एक जण, आणि त्या एकाचा पासपोर्ट हरवलाय."

मयूरनच्या हातातला रोल थंड झाला.

तो चौथ्या मजल्यावर येऊन बसला. समोर काळा पडदा. त्याचा स्वतःचा. पूर्व किनाऱ्यावरच्या तमिळ बट्टिकलोवाहून कोलंबोत आला तेव्हा त्याला धड सिंहली येत नव्हती, गप्पा जमत नव्हत्या, शिष्टाचार तर नव्हताच. त्या काळात त्यानं हे हत्यार बनवलं होतं. कमी बोलणारं, नेमकं, कुणाचे लाड न करणारं. खरं सांगायचं तर ते त्याच्यासारखंच होतं.

आणि आता खरं बोललं, तर हे राहणार आणि ती जाणार.

असा विचार त्यानं पुष्कळ वेळ केला. मग उठून अम्माला फोन लावला.

"अम्मा, खोटं कसं बोलायचं?"

"गोड हसायचं, आणि थोडक्यात आटपायचं," अम्मा म्हणाली. "कोण आहे ती?"

·

तिसरी बैठक शेवटची. सेव्वंदीनं आधीच सांगितलं, "आज शेजारच्या खोलीत दिलरुक्षी मिस आणि मंडळी पडद्यावर बघणार आहेत, ऐकणार आहेत. चालेल ना?"

"चालेल," मयूरन गोड हसून म्हणाला.

सेव्वंदीनं त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, मग मागे जाऊन बसली.

"पडदा उघडला. रंग छान आहेत."

पेन चाललं नाही.

"ओळ लिहितो. दिवा पेटला. होंदई."

मागे कुणीतरी श्वास घेतला आणि सोडायचं विसरलं.

"क्लिक करतो. सल्ले बरेच आहेत. सगळे उपयोगी. पहिला म्हणतो, ही ओळ काढून टाका." त्यानं ती ओळ निवडली. "विचार करण्यासारखं आहे. काढून टाकतो. होंदई."

तो थांबला. त्याच्याकडे आणखी गोड शब्द नव्हते. असतील तेवढे त्यानं वापरून टाकले होते.

"आत्ता मनात काय चाललंय?" मागून आलं. या वेळी त्यात वारा नव्हता, साबण नव्हता.

"होंदई."

"खरं?"

हा शब्द नियमात नव्हता. पेन टेबलावर आपटलं, खुर्ची करकरली, आणि बैठक चालू असताना पहिल्यांदाच सेव्वंदी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. हात कमरेवर.

"ताप आलाय का तुला?"

"मला आवडतो दिवा."

"तू त्याला शेजारची काकू म्हणालास."

"काकू मायाळू असतात."

"बसमधली पिशवी म्हणालास!"

"पिशवीत खाऊ असू शकतो."

"मयूरन!"

तो पडद्याकडे बघत राहिला. दिवा निमूट पेटलेला होता. "तू मेलबर्नला जाशील," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिला वाकावं लागलं. "तुमचं बंद झालं तर तू जाशील. आमचं बंद झालं तर मला फक्त एक मजला वर यावं लागेल. मी… मी दोन्हींची तुलना करून बघितली. ते सोपं आहे."

सेव्वंदीचे डोळे भरले, आणि त्याच वेळी ती भयंकर चिडली. दोन्ही एकत्र कसं करतात ते बघावं तर तिच्याकडे.

"अख्ख्या कोलंबोत खरं बोलणारा एक माणूस मिळाला होता मला," ती म्हणाली. "एक! आणि तोही मीच नासवला! काय लिहू मी आता अहवालात? सहा जण शिष्टाचारी आणि सातवा… सातवा…"

"सातवा काय?"

"ऊठ. ऊठ त्या खुर्चीवरून!"

तो उठला. ती बसली. "आता मी बोलणार. तू मागे. नियम माहीत आहेत?"

"उत्तर द्यायचं—"

"नाही! बरोबर. गप्प बस."

तिनं काळी खिडकी उघडली आणि त्याचा हुकूम टाइप केला. अडखळत नव्हे, झरझर, न बघता. मयूरन बघतच राहिला. तिला तो पाठ होता.

"हे मी रोज सकाळी करते," सेव्वंदी पडद्याला सांगू लागली. "चतुरंगा येण्याआधी, चोरून. कारण पटकन होतं, आणि मध्ये कुणी सल्ला देत नाही. आता मुद्दाम एक चूक करते. एंटर. आलं. 'नाही झालं.' दोन शब्द! दार तोंडावर आपटल्यासारखं. आता माझ्या मनात काय येतंय, तर हे लिहिणाऱ्याला एकदा गल्लीत गाठून चांगलं… ते असो. आता मी काय करते? परत एडिटरमध्ये जाते, लाल रेघ शोधते, कुठे अडलंय ते कळतं, पुन्हा काळ्या खिडकीत येते. रोज हेच. आणि हा जो मागे बसलाय ना, तोही हेच करतो!"

मागची खुर्ची करकरली.

"दुसऱ्या बैठकीत पाहिलंय मी. स्वतःचं 'नाही झालं' वाचलं की याची नजर हळूच लाल रेघेकडे जाते. मांजर दुधाकडे जाते तशी. दर वेळी. त्याला स्वतःलाही माहीत नाही. आम्ही दोन मजले आपले भांडतोय, कुठलं एक ठेवायचं, आणि माणसं दिवसभर इकडून तिकडे धावतायत. एकाला काम करता येतं पण बोलता येत नाही. दुसऱ्याला बोलल्याशिवाय राहवत नाही…"

ती थांबली. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला. खाली रुळांवरून गाडी गेली आणि काच थरथरली.

मयूरनला आता एक वाक्य बोलायची परवानगी होती. एकच. त्यानं ते वापरलं.

"आत्ता… मनात काय चाललंय?"

सेव्वंदीनं मागे वळून पाहिलं नाही. पण तिची मान लाल झाली, हे मागे बसलेल्याला नीट दिसत होतं.

"असं चाललंय की, माझ्या कामाला तोंडावर नावं ठेवणारा माणूस मला मिळाला, त्याची मला सवय लागली, आणि आज तो माझ्याशी गोड बोलला तर मला रडू आलं. असं चाललंय की ज्याला माझ्याशी खरं बोलता येत नाही, असा माणूस मला नको. खरं बोलणाराच हवा. तोच… तोच हवा. आणि असंही चाललंय की मेलबर्नचं चतुरंगाला जेवढं माहीत असतं त्याच्या दुप्पट तो सांगतो."

"मी काय केलं?" भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. तोंड भरलेलं होतं.

दोघंही दचकले. शेजारच्या खोलीत मंडळी ऐकतायत, हे दोघंही विसरले होते. "माइक अजून चालू आहे?" सेव्वंदी ओरडली.

"केव्हाचा," स्पीकर दिलरुक्षी मिसच्या आवाजात म्हणाला. "बंद करायचं बटण आम्हाला सापडत नाहीये. चालू द्या तुमचं."

चालू देण्यासारखं आता काय उरलं होतं? पण सेव्वंदीनं खुर्ची वळवली.

"दिव्याबद्दल खरं सांग."

"भयंकर आहे," मयूरन म्हणाला.

"आणि?"

"भयंकरच आहे. पण लाल रेघ…" त्यानं एकदा स्पीकरकडे पाहिलं, मग पाहणं सोडून दिलं. "लाल रेघ मी घरीसुद्धा चालू ठेवतो. माझ्या मजल्यावर कुणाला सांगू नका."

स्पीकरमध्ये चौथ्या मजल्याचे दोघे जण होते. ते खोकले.

नियमाप्रमाणे बघणाऱ्याची जागा मागे. मयूरननं खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी ठेवली. तिनं टेबलावरचा हात काढून घेतला नाही, आणि त्यानं आपला हात ठेवायला फार वेळ लावला नाही.

·

दिलरुक्षी मिस काचेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा हात अजून तिथेच होते.

"सहा जण शिष्टाचारानं खोटं बोलले," त्या म्हणाल्या, "सातवा प्रेमानं. खरं बोलली ती एकटी आठवी, आणि ती आमच्याच पगारावर. असला अभ्यास मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कचऱ्यात टाका." मग वळता वळता म्हणाल्या, "काम मात्र कळलं."

जानेवारीत चौथा आणि पाचवा मजला मिळून एक झाला. खाली एकच इंजिन. काळ्या खिडकीतून विचारा की एडिटरमधून, उत्तर तेच देणार. लाल रेघ तीच. मयूरनची काही माणसं वर आली, सेव्वंदीची काही खाली गेली, आणि लिफ्टमध्ये लोक नाइलाजानं समोर तोंड करून उभे राहू लागले.

दिलरुक्षी मिसनी दिवा काढून टाकायला सांगितलं होतं. भर मीटिंगमध्ये सगळे "होंदई, होंदई" म्हणत असताना एकटा मयूरन उठून म्हणाला, "चूक आहे. दिवा ठेवा. फक्त विचारल्यावर पेटू दे." सेव्वंदी त्याच्याकडे बघत राहिली. तो खरंच बोलत होता; नुसता गोड बोलला असता तर तिला कळलं असतं.

'नाही झालं' मात्र गेलं. नवे शब्द सेव्वंदीनं लिहायला घेतले. पहिल्या खेपेला तिनं असा संदेश लिहिला की तो वाचायला पडदा खाली सरकवावा लागायचा.

"हे काय आहे?" मयूरननं विचारलं. ते समुद्राच्या कठड्यावर बसले होते, हातात कोळंबीचे वडे, वरून भुरभुर. "चूक सांगतेस की जावयाला जेवायला बोलावतेस?"

"अर्धं काप."

"तीन चतुर्थांश."

"अर्धं, आणि शेवटचं 'काळजी करू नका' राहील."

"ते तर आधी जाईल!"

"बरं, तू लिही मग."

त्यानं वडा खाली ठेवला, विचार केला, आणि एक ओळ सांगितली. काय बिघडलं, कुठे बिघडलं, आणि आता काय करायचं. तिनं ती मनात दोनदा म्हणून पाहिली.

"वाईट नाही," ती म्हणाली.

"होंदई म्हण ना."

"मरेन, पण म्हणणार नाही." तिनं त्याच्या वड्यातली कोळंबी उचलून तोंडात टाकली. भुरभुर वाढली. दोघांकडे मिळून एकच छत्री होती, आणि ती तिनं धरली होती, म्हणून त्याचा एक खांदा भिजत होता. त्यानं ते तिला सांगितलंही, लगेच, तोंडावर. ती सरकून जवळ आली.

मेलबर्नच्या कंपनीला सेव्वंदीनं नकार कळवला होता, तो पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी.